तिसऱ्या खाचेची ओल

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका, कारण ज्या गावात ती घडली त्या गावाला वर्षं मोजायची सवयच नव्हती. ते लोक पेरण्या मोजत. एखाद्याला वय विचारलं तर तो सांगे, "माझ्या पन्नास पेरण्या झाल्या," आणि ऐकणाऱ्याला ते पुरे होई.

हे गाव डोंगरांच्या पाठीमागं होतं. ढग आधी डोंगरांवर रिते होत आणि उरलंसुरलं पाणी गावाकडे येई. पण म्हणून गाव काही रडतखडत जगत नव्हतं. उरल्यासुरल्या पाण्यावर टपोऱ्या दाण्यांची बाजरी काढावी ती याच गावानं. कडब्यावर पोसलेले इथले बैल बाजारात उभे राहिले, की पाणथळ मुलखातले शेतकरी आपले बैल जरा मागे घेत. अशा गावाची मान ताठ असली तर नवल नाही.

त्यातही सगळ्यांत ताठ मान होती बयाजी काठीकराची.

या काठीकरांच्या घरात पहिल्या तासाचा मान होता. तास म्हणजे पाभरीनं, बैल जुंपलेल्या पेरणीच्या अवजारानं, पेरलेली ओळ. काठीकरांच्या पाभरीनं पहिली ओळ पेरल्याशिवाय गावात कुणी दाणा मातीत टाकायचा नाही, अशी रीत होती. मृग नक्षत्र लागलं, की त्याच सकाळी काठीकर देव्हाऱ्यातून एक हातभर लांब, चांदीनं मढवलेली काठी काढत. तिच्यावर कुंकवाच्या तीन आडव्या रेघा ओढत. काठीचं टोक अलगद जमिनीला टेकवत. डफ वाजे, पाभर चाले, आणि मग साऱ्या गावाची पेरणी सुरू होई. सात पिढ्यांत हा दिवस एकदाही चुकला नव्हता. घरात कुणी दगावलं तरी काठीकरानं आधी तास ओढलं आणि मग सुतक पाळलं, असं गाव अभिमानानं सांगे.

बयाजीला आपल्या मिशीपेक्षा हा मान मोठा वाटे, आणि मिशी काही लहान नव्हती. रस्त्यानं चालतानासुद्धा तो असा चाले, की जणू मागून डफ वाजतो आहे. त्याची बायको सगुणा कधी कधी म्हणे, "अवं, पाणी शेंदायला निघालाय, तास ओढायला न्हाई." तो हसायचा नाही. मानाच्या बाबतीत त्याला थट्टा कळत नसे.

पण बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, आभाळाला कुणाचा मान ठाऊक असतो?

दोन वर्षांपासून आभाळ बदललं होतं. मृगाच्या आगेमागे दोन सरी येत, लोकांना हुरूप येई, बयाजी तास ओढी, गाव पेरून मोकळं होई. चार दिवसांत शेतं पोपटी दिसू लागत. आणि मग पाऊस जो तोंड फिरवी, तो पंधरा-वीस दिवस ढुंकून बघत नसे. ऊन तापे, वारा सुटे आणि कोवळे कोंब जागच्या जागी करपून जात. मग दुसऱ्यांदा पेरणी. त्यातून हाती लागे ते मूठभर. कडबा तर इतका थोडा, की गोठ्यातल्या गाईंनी दूध आखडतं घेतलं आणि बैलांच्या पुठ्ठ्याची हाडं वर आली.

गावाचं बियाणं एका मोठ्या पेवात असे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, आतून लिंपलेलं धान्याचं कोठार. तिसऱ्या वर्षी वैशाखात ते उघडलं, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. आत फक्त एका पेरणीपुरतं बी होतं. यंदा कोंब करपले तर दुबार पेरायला दाणा नव्हता. मग गाव सोडायचं आणि पाणथळ मुलखातल्या, आपल्या बैलांपुढे बैल मागे घेणाऱ्या त्याच शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन मजुरी मागायची, एवढंच उरलं होतं.

मृगाला चार दिवस राहिले. बयाजी अंगणात बसून चिंचेच्या कोळानं काठीची चांदी उजळत होता. इतक्यात ठकूबाई धनगरीण आली. डोक्याला पदर घट्ट, खांद्यावर घोंगडी, पाय धुळीनं भरलेले. तिची मेंढरं दरसाल गावात येत, शेतात बसत, शेताला खत मिळे आणि तिला धान्य मिळे. तिच्या आईपासूनचा हा घरोबा. पण या वेळी ती एकटीच होती.

"मेंढरं कुठं, ठकूबाई?" बयाजीनं विचारलं.

"हायेत मागं, डोंगराच्या कुशीला, तिथं गवत हाय. म्या गवत बघायला पुढं आले. पर हितं काय चारू त्यास्नी, धोंडं?"

"म्हंजी मृगाच्या आधी गावात यायची तुमची रीत मोडली म्हणायची."

"रीत कशापायी मोडंल?" ठकूबाई ओसरीच्या कडेला टेकली. "माझ्या आयची रीत व्हती, गवत बघून यायचं. तवा गवत मृगाआधी उगवायचं, म्हणून आमी मृगाआधी यायचो. आता गवत उशिरा उगवतंय, तर म्या बी उशिरा येते. मेंढरू पंचांग खात न्हाई, दादा."

सगुणा दारात उभी होती, तिला हसू आलं. बयाजीला मात्र बोल वर्मी लागला. तो उत्तर न देता रागारागानं काठी घासू लागला. इतक्या जोरात, की टोकाचा झिजलेला चांदीचा पत्रा सुटला आणि त्याच्या हातातच आला.

सात पिढ्यांचा मान, आणि तो त्याच्या हातून सोलला गेला! पण मग त्यानं आत पाहिलं. आत खैराचं जुनं, काळंभोर लाकूड होतं. टोकाला निमुळतं केलेलं. वर तीन खाचा होत्या. पहिली टोकापासून चार बोटांवर, दुसरी आठ बोटांवर आणि तिसरी वीतभर अंतरावर. बरोबर जिथं वरच्या चांदीवर कुंकवाच्या तीन रेघा ओढायच्या, तिथंच. तिसऱ्या खाचेपर्यंतचं लाकूड हाताळून हाताळून व्हावं तसं गुळगुळीत झालं होतं. त्याच्या वरचं खरबरीत होतं. आणि खाचांत काहीतरी काळं घट्ट बसलं होतं.

ठकूबाईनं काठी हातात घेतली, नखानं ते काळं खरवडलं आणि बोटांत चुरलं.

"माती हाय," ती म्हणाली. "अगं बया! काठीकर, ही तर ओलीची काठी. आमच्याकडं बी असती. रातीला मेंढरं बसवायची जागा बघताना रोवायची आन उपसायची. खाचंत चिखल आला की तिथं तळ द्यायचा न्हाई. मेंढराच्या खुराला ओल सोसत न्हाई, खूर कुजत्यात. आमी ओल टाळायला रोवतो. तुमचं वाडवडील ओल गाठायला रोवत असत्याल."

बयाजी काठी परत घेऊन खाचा निरखू लागला. आधी त्याला लाज वाटली. एकवीस पेरण्या त्यानं या काठीवर कुंकू लावलं होतं, आणि ती कशासाठी आहे हे त्याला एका मेंढपाळ बाईनं सांगावं! पण जसजसा तो विचार करू लागला, तसतशी लाज विरत गेली. त्याच्या डोळ्यांपुढे त्याचा खापरपणजा उभा राहिला. तो तिथी बघून पेरणारा नव्हता. तो दरसाल शेतात वाकायचा, काठी रोवायचा, उपसायचा, माती निरखायचा. तिसऱ्या खाचेत ओल दिसली तरच पाभर धरायचा. तेव्हाचं आभाळ सरळ होतं. मृगाच्या पहिल्या दिवशी तिसरी खाच दरवर्षी भिजलेलीच निघे. मग पुढच्यांनी रोवणं सोडलं, नुसतं टेकवणं ठेवलं. एका भरघोस सालात गावानं हौसेनं काठी चांदीनं मढवली, आणि चांदी मढवल्यावर तिला चिखलात कोण घालणार?

"सगुणे," तो म्हणाला, "आपलं वाडवडील लई शहाणं व्हतं गं."

सगुणा म्हणाली, "मग त्यांच्या शहाणपणाला आता कामाला लावा."

मृग लागायच्या आदल्या दोन दिवसांत सरी आल्या. जमिनीचा वास सुटला. मृगाच्या सकाळी सारं गाव नवी कापडं घालून शेतात जमलं. पेवातून ज्याचं त्याचं बी वाटून झालं होतं. पाटील डोक्याला जरीचा पटका बांधून पुढे उभे होते. बयाजी आला, पण त्याच्या हातातली काठी पाहून कुजबूज उठली. काठी नागडी होती. चांदी त्यानं पूर्ण सोलून काढली होती.

त्यानं काठी जमिनीत रोवली आणि दोन्ही हातांनी दाबली. चार बोटं सहज गेली. पुढे ती कुरकुरत गेली. उपसून त्यानं ती सगळ्यांपुढे धरली. पहिल्या खाचेत चिखल होता. दुसरीत कोरडी धूळ. तिसरी तर जमिनीच्या आत पोहोचलीच नव्हती.

"यंदा आज तास न्हाई," बयाजी म्हणाला.

डफवाल्याचा हात हवेतच थांबला.

"येड लागलं काय, काठीकर?" पाटील पुढे आले. "सात पिढ्यांची रीत हाय. मृगाचा पहिला दिस!"

"रीत दिवसाची नव्हती, पाटील. रीत ओलीची व्हती. ह्या खाचा बघा. ओल वीतभर गेली की पेरायचं. आज ती चारच बोटं हाय. बी उगवंल, पर त्याच्या मुळ्यांना खाली प्यायला काय मिळणार? दोन सालं हेच झालं. म्याच तास ओढलं आन म्याच तुमचं बी जाळलं. तिसऱ्यांदा जाळणार न्हाई."

माणसानं साऱ्या गावापुढं 'म्या चुकलो' म्हणणं सोपं नसतं. मिशीवाल्या माणसाला तर फारच अवघड. पण बयाजी ते म्हणाला, आणि म्हणताना त्याची मान खाली गेली नाही, हे लक्षात ठेवा.

"आन जनावरं?" पाटलांनी विचारलं. "तुझी काठी भिजंस्तोवर ती काय खातील? कडबा आठ दिसांचा बी उरला न्हाई. पेरणी लांबली की चारा बी लांबला."

गोठ्यातला आपला हरण्या बैल बयाजीला आठवला. त्या हाडकुळ्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवताना अलीकडे बयाजी नजर वळवून घेत असे. बयाजीनं गर्दीच्या मागे पाहिलं. तिथं तास बघायला थांबलेली ठकूबाई घोंगडी सावरून उभी होती.

काठीकरांनी आजवर कुणापुढे हात पसरला नव्हता. बयाजी गर्दीतून चालत तिच्यापर्यंत गेला. त्यानं डोक्याचा पटका काढला आणि हातात धरला.

"ठकूबाई, डोंगराच्या कुशीला गवत हाय म्हणालीस. पाभरीपुरतं बैल ठेवतो. बाकी गाई, वासरं, म्हसरं तुझ्यासंगं घेऊन जाशील का? माझी एकट्याची न्हाई. साऱ्या गावाची."

ठकूबाई म्हणाली, "पटका घाला डोईला, दादा, ऊन लागंल. माझ्या आयला तुमच्या आज्यानं दुष्काळात दाणं दिलं व्हतं. गुरं सोडा."

गावानं गुरं सोडली, पण मनातून गाव नाराज होतं. पाटील तर भडकलेच होते. "तुझा मान तुझ्यापाशी," ते म्हणाले आणि त्याच दुपारी त्यांनी आपल्या वाट्याचं बी आपल्या शेतात पेरून टाकलं. सात पिढ्यांत काठीकराआधी पेरणारे ते पहिलेच.

पाचव्या दिवशी पाटलांचं शेत पोपटी झालं. आजूबाजूची सगळी शेतं उघडी आणि मधोमध ते हिरवं. येणारेजाणारे बांधावर थांबत, शेताकडे बघत आणि मग बयाजीच्या घराकडे बघत. विहिरीवर बायका सगुणेला ऐकू जाईल असं बोलत. "काठीला चिखल लागला आन घराण्याचा मान गेला." सगुणेनं भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि म्हणाली, "मान घराण्याचा हाय, कळशीतलं पाणी न्हाई, हिंदकळलं की सांडायला." पण घरी आल्यावर ती कोपऱ्यात बसून रडली. बयाजीला ते दिसलं. त्यालाही मनातून भीती वाटत होती. दर सकाळी तो आपल्या शेतात जाई, काठी रोवी, उपसे, आणि कोरडी काठी घेऊन परत येई. चाल मात्र तीच ठेवी, मागून डफ वाजत असल्यासारखी.

दहा दिवस गेले. बारा गेले. आभाळ पितळेसारखं तापलं. पाटलांच्या शेताचा पोपटी रंग आधी पिवळा झाला, मग करडा. शेवटी त्या वाळल्या कोंबांत गावातल्या दोन शेळ्या शिरल्या, आणि त्यांना हाकलायलाही पाटील बांधावर आले नाहीत.

आता विहिरीवर कुणी बोलेना. उघड्या शेतांचे मालक आपापल्या घरातलं बी ओंजळीत घेऊन बघत. ते होतं. अजून होतं.

मृगानंतरचं आर्द्रा नक्षत्र सरलं. पुनर्वसू लागलं, आणि पाऊस आला. एक दिवस पडला. बयाजीनं काठी रोवली, दुसरी खाच भिजली होती. लोक दारात येऊन उभे राहिले. "ओढायचं का तास?" बयाजी म्हणाला, "न्हाई." रात्रभर पडला, दुसऱ्या दिवशी पडला, तिसऱ्या सकाळी उघडला. बयाजी शेतात गेला, तेव्हा न बोलावता सारं गाव त्याच्यामागं आलं होतं. त्यानं काठी रोवली. ती लोण्यात जावी तशी खाली गेली. उपसली.

तिसऱ्या खाचेत काळी, ओली, चमकती माती भरून आली होती.

डफवाल्यानं डफाला हात घातला. बयाजीनं त्याला थांबवलं.

"हितं न्हाई," तो म्हणाला, आणि बैलांची वेसण धरून पाभर घेऊन निघाला. सरळ पाटलांच्या शेतात. पाटील बांधावर मान खाली घालून बसले होते. त्यांच्या घरात पेरायला दाणा उरला नव्हता. बयाजीनं आपल्या बियाण्यातली भरलेली ओंजळ त्यांच्या धोतराच्या ओच्यात टाकली. मग सगुणेनं टाकली. मग एकेक करून गावानं टाकली. विहिरीवर बोलणाऱ्या बायकांनीही टाकली, आणि सगुणेला वाट दिली.

"काठीकर, म्या तुमच्या आधी पेरलं," पाटील म्हणाले. "रीत मोडली."

"मोडली न्हाई, पाटील. तुमी पेरलं न्हाई, नुसतं सांडलं," बयाजी म्हणाला, आणि पाटलांना रडतारडता हसू फुटलं. "उठा. पहिलं तास यंदा तुमच्या मातीत."

आता वेळ थोडा उरला होता. उशिराच्या पेरणीला लवकर हाती येणारं पीक हवं. म्हणून गावानं लांब मुदतीची तूर बाजूला ठेवली आणि बाजरीत मटकी आणि हुलगा मिसळून पेरला. ओल खोलवर होती. पुढे पुन्हा बारा दिवस पाऊस थांबला, पण या वेळी मुळांना खाली पाणी होतं. कोंब हलले नाहीत. गावातली म्हातारी माणसं बांधावर बसून ते बघत, आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारत.

सुगीला पेव गळ्यापर्यंत भरलं. कडब्याच्या गंजी गोठ्यांपेक्षा उंच झाल्या. आणि एका सकाळी डोंगराच्या बाजूनं धुरळा उठला. ठकूबाई मेंढरं घेऊन येत होती आणि मेंढरांच्या पुढे गावाची गुरं. एक वासरू कमी नव्हतं. उलट तीन जास्त होती. हरण्या गोठ्यातून हंबरला, आणि गाईंनी त्याला ओ दिली.

त्या संध्याकाळी गाव पारावर जमलं. पाटील उठून म्हणाले, "ही काठी आता सोन्यानं मढवू. गावानं ठरवलंय."

बयाजी खूप दिवसांनी मोठ्यानं हसला. "सोनं लावाल, आन माझा नातू पुन्हा तिला चिखलात घालायला भिईल. हिला चिखलच शोभतो. त्यापरीस असं करा, घराघरात एक काठी तासा. ज्याच्या त्याच्या शेताची ओल ज्यानं त्यानं बघावी. ज्याच्या रानात तिसरी खाच आधी भिजंल, पहिल्या तासाचा मान त्याचा."

"आन तुमच्या घराचा मान?" कुणीतरी विचारलं.

"आमच्या घरानं तुम्हाला काठी दिली," बयाजी म्हणाला. "ह्याच्यापरीस मोठा मान काय असतो?"

सोललेल्या चांदीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. तिची एक घंटा ओतली आणि ठकूबाईच्या कळपात पुढे चालणाऱ्या बोकडाच्या गळ्यात बांधली. तेव्हापासून ती घंटा दरसाल वाजत गावात येई. कधी मृगात, कधी आर्द्रेत, कधी पुनर्वसूत, जसं गवत येई तशी. आणि घंटा ऐकली, की सारं गाव हातात काठ्या घेऊन आपापल्या शेतात वाके. ताठ मानेच्या त्या गावाला एवढं वाकणं जमलं, म्हणूनच त्याची मान पुढे कधी खाली गेली नाही.

बोध: वाडवडिलांचं शहाणपण देव्हाऱ्यात पुजून टिकत नाही, बदलत्या आभाळाखाली ते दरसाल मातीत रोवून पाहावं लागतं.